चांदीच्या कड्याची कुस्ती

त्या कुस्तीला मी पंच होतो. तिघांपैकी दोघांनी पहिलवानांच्या बाजूनं कौल दिला, मी एकट्यानं विरुद्ध दिला. साठ सालानंतरचे ते दिवस. मी घाटंजीला शाळेत ड्रिल मास्तर होतो. पुढं कित्येक वर्षं लोक मला बाजारात, न्हाव्याकडं, एस.टी.च्या रांगेत गाठून एकच विचारत, "मास्तर, तुमाले असं दिसलं तरी काय?"

पहिलवान गावाबाहेरच्या तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. बापाच्या काळात ते फिरणं थांबलं, माळाच्या कडेला घरं झाली आणि बैल नांगराला लागले. पहिलवानही कापूस आणि तूर पेरत. उंचीनं बेताचे, मान जवळजवळ नाहीच, खांदे एवढे रुंद की बैलगाडीत बसले की शेजारच्याला कठड्यावर टेकावं लागे. बोलणं मात्र हळू. समोरच्याला दोनदा "काय म्हंता?" असं विचारावं लागे.

दर हिवाळ्यात, पहिला कापूस सरकी काढायला जिनात गेला की गावात कुस्त्यांची दंगल भरायची. दिवसभर लहानमोठ्या जोड्या लागायच्या आणि शेवटी सगळ्यात मोठी कुस्ती व्हायची, चांदीच्या कड्यासाठी. जिंकणारा ते कडं वर्षभर आपल्याकडं ठेवायचा आणि पुढच्या हिवाळ्यात आखाड्यात आणून द्यायचा. मी घाटंजीला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते पहिलवानांकडं होतं. पांढरकवड्याचे, पुसदचे, पार अदिलाबादकडचे मल्ल येत आणि पाठीला माती लावून परत जात. बरेच नावाजलेले मल्ल आधीच ठरवून कुस्त्या खेळत, त्याला नुरा कुस्ती म्हणत. पहिलवानांनी ती कधी खेळली नाही. त्यांच्याकडं तसा निरोप घेऊन गेलेला माणूस चहा पिऊन गप्प परत येई, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

मी अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घेतलेला. कुस्तीचे नियम मला पुस्तकातून येत होते आणि थोडेफार अंगानंही. शाळेतली मोठी पोरं मी तांड्याच्या आखाड्यात न्यायचो. पहिलवान त्यांना पहिले काही दिवस फक्त पडायला शिकवायचे. "पडनं येत नाई त्याले पाडनं कसं येईन?" म्हणायचे. तिथंच आमची ओळख वाढली. मी त्यांच्यापेक्षा बराच लहान, तरी त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही.

त्या वर्षी दंगलीच्या मंडळींनी एक नवी गोष्ट ठरवली. आधी असं होतं, की ठरलेल्या वेळात कोणाचे दोन्ही खांदे मातीला लागून तो चीत झाला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडायची आणि कडं ज्याच्याकडं असेल त्याच्याकडंच राहायचं. आदल्या वर्षी एका मल्लानं सगळा वेळ नुसतं पळून काढला होता, म्हणून लोक चिडले होते. तेव्हा आता बरोबरी नाही. कोणी चीत झालं नाही तर तीन पंच सांगतील कोण वरचढ होता. एक पंच यवतमाळचे म्हातारे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली निम्म्या जिल्ह्यातले मल्ल तयार झाले. दुसरे पोलिसातून निवृत्त झालेले जमादार. तिसरा मी. मी आनंदानं हो म्हणालो.

आव्हान देणारा बोरी अरबचा एक तरणाबांड पोरगा होता, कास्तकाराचा. उंच, पायांनी लांब, अंगावर मांस कमी पण चपळ. शेवटच्या कुस्तीसाठी तो आखाड्यात उतरला तेव्हा बोरीहून बैलगाड्या आणि ट्रकमधून आलेली माणसं ओरडायला लागली. मग पहिलवानांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि तांड्याची बाजू अशी गरजली की हलगीवाल्याची हलगी ऐकू येईना.

सुरुवातीला दोघं नुसते हात अजमावत राहिले. मग पोरगा एकदम खाली वाकला आणि त्यानं पहिलवानांचा एक पाय धरून पट काढला. पहिलवान पालथे पडले, पोरगा पाठीवर. मी कधी त्यांना खाली पाहिलं नव्हतं. पोरानं मानेखालून हात घालून पाहिला, कमरेला विळखा घालून उलटवून पाहिलं. पहिलवान जमिनीत पुरलेल्या दगडासारखे पडून राहिले आणि मग एका हिसक्यात सुटून उभे राहिले. लोकांनी श्वास सोडला. थोड्या वेळानं पोरानं पुन्हा पट काढला. या वेळी पहिलवानांना उठायला जास्त वेळ लागला.

मग आला ढाकेचा डाव. पहिलवानांनी पोराचा दंड काखेत धरला, कमरेत वळले आणि त्याला खांद्यावरून घेऊन मातीत टाकलं. धप्प आवाज झाला. पोरगा एका खांद्यावर पडला आणि दुसरा खांदा खाली जाता जाता वळला, सुटला. "चीत! चीत!" म्हणून तांड्याची माणसं आखाड्यात धावली, त्यांना मागं सारावं लागलं. मी पोराच्या डोक्याच्या बाजूला होतो. मला दुसरा खांदा मातीला लागलेला दिसला नाही. उस्तादांनाही नाही, जमादारांनाही नाही. कुस्ती पुढं चालू झाली.

उरलेला वेळ पोराचाच होता. पहिलवानांचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. पोरगा ढकलत होता, ते मागं सरकत होते, कडेपर्यंत जात होते, परत मध्ये येत होते. पडत मात्र नव्हते. शिटी वाजली तेव्हा दोघं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून तसेच उभे होते, दमलेल्या बैलजोडीसारखे.

आम्हा तिघांना एकमेकांशी बोलायची मुभा नव्हती. एकेकाला विचारलं. उस्ताद म्हणाले, "पहिलवान." जमादार म्हणाले, "पहिलवान." निकाल तिथंच लागला होता, पण माझी पाळी होती आणि मला जे दिसलं ते मी सांगितलं, "बोरीचा." ते भोंग्यावरून जाहीर झालं. तांडा नाचायला लागला, बोरीवाले शिव्या द्यायला लागले. पोरगा पहिलवानांच्या पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला. कडं त्यांच्या हातात दिलं तेव्हा ते त्यांनी मनगटात घातलं नाही, तसंच मुठीत धरून घोंगडीखाली नेलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषयच नव्हता. हॉटेलात माणसं बाकांवरून उठून पट कसा निघाला ते करून दाखवत आणि कपबशा फुटत. कोणी म्हणे ढाकेला पोरगा चीतच झाला होता, पंच आंधळे. कोणी म्हणे दोनदा पट काढला, आता आणखी काय पाहिजे? माझ्याबद्दलही बोलत. "मास्तर शिटीवर कुस्ती शिकला, त्याले मातीतलं काय समजते?" हे मला लागलं नाही. पण एक जण म्हणाला, की तांड्यावरच्या माणसाकडं कडं राहू नये म्हणून मी मत दिलं, आणि ते मला फार लागलं. तांड्यावरून शाळेत येणारी पोरं दोन-चार दिवस माझ्याकडं न बघता कवायत करत होती. उलट बोरीहून एक माणूस संत्र्यांची टोपली घेऊन घरी आला. मी ती परत पाठवली, तर तोही रागावला. माझी बायको म्हणाली, "मत देलं त देलं. आता दोन्हीकडच्यायनं बोलनं सोडलं. चांगलं झालं, घरी तरी बसान."

वाचनालयात एका संध्याकाळी दंगलीनंतर घाटंजीलाच थांबलेले उस्ताद आणि आमचे हेडमास्तर समोरासमोर आले. हेडमास्तरांनी लष्करात काही वर्षं काढली होती आणि तिथं मुष्टियुद्ध पाहिलं होतं. ते सांगू लागले, की वजनदार गटाच्या अजिंक्यपदाच्या लढतीत प्रत्येक फेरीला पंच गुण लिहून ठेवतात, शेवटी बेरीज करतात. बेरीज ज्याची जास्त, पट्टा त्याचा. मग तो एका गुणानं का असेना.

उस्ताद म्हणाले, "साहेब, तुमचा तो हिशेब झाला. कडं हिशेबावर नाई जात. ज्याच्या हातात हाये त्याच्या हातातून ते काढून घ्या लागते. थोडं पुढं होतो म्हनून नाई भेटत. मानकरी हारला हे साऱ्याइले दिसलं पाह्यजे."

"म्हणजे मानकरी अर्धी कुस्ती आधीच जिंकून उतरतो?" हेडमास्तर म्हणाले.

"उतरते! काहून नाई उतरन? इतके वर्स त्यानं जितलं ते काय फुकट गेलं?"

"मग त्या पोरानं दोनदा पट काढला ते कुठं गेलं?"

दोघंही माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणालो, "मला त्या एका दिवसाची कुस्ती दिसली, त्यावर मी बोललो." उस्ताद हसले आणि म्हणाले, "तुमी लहान हा, मास्तर." त्यात राग नव्हता. घरी जाताना मात्र मी तेच घोळवत राहिलो. माणसानं आयुष्यभर जे केलं ते त्याच्याबरोबर आखाड्यात उतरतं की बाहेर घोंगडीपाशी राहतं? मला अजूनही खात्रीनं सांगता येत नाही. उस्तादांचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण ते खोटंही वाटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच पहिलवान माझ्या दारात उभे राहिले. मला वाटलं, जाब विचारायला आले. बायकोनं ओसरीवर सतरंजी टाकली. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, सारे मले सांगून राह्यले का मी जितलो. तुमी एकटेच म्हंता का हारलो. म्हनून तुमच्याकडं आलो. सांगा, काय दिसलं."

मी सुरुवातीपासून सांगितलं. पहिला पट, खालचा वेळ, दुसरा पट. ते मान हलवत ऐकत होते. ढाकेपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. पोरगा तिथून निसटला तो माही पकड सुटली म्हनून, का त्यानं सोडवली?"

"त्यानं सोडवली. कोपर आत घालून."

"मले वाटलं सुटली." त्यांनी बसल्या जागी हवेतच ती पकड घेऊन पाहिली. "तसं असन त पोरगा चांगला हाये. मंग तुमचं बराबर हाये मास्तर. दुसऱ्या पटालेच मले समजलं होतं का पाय आयकत नाई."

मी विचारलं, "मग कडं घेतलं कशाला?"

"पंचाईनं देल्लं. मी नाई म्हनलो असतो त उद्या कोन पंचाईचं मानंन?" मग हळूच म्हणाले, "पन मनातून जात नाई. तुमी चालता का माह्यासंग, बोरीले?"

रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं यवतमाळ आणि तिथून बोरी अरबला गेलो. पोरगा शेतात असल्याचं कळलं. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. तो आणि त्याची आई कमरेला ओटी बांधून बोंडं वेचत होते. पहिलवानांना बांधावर पाहून पोरगा तसाच धावत आला आणि ओटीतला कापूस सांडत गेला. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या भाऊ, बसा."

पहिलवानांनी धोतराच्या घडीतून कडं काढलं. "हे तुहं हाये. मास्तरनं मले समजावून सांगतलं. पंचाईचा निकाल गावासाठी राहू दे. तू हे घे."

पोरानं हात मागं नेले. "नाई पहिलवान. तुमी जितले."

"तू दोनदा मले खाली घेतलं."

"तुमी मले चीत केलं." पोरगा माझ्याकडं न बघता बोलत होता. "ढाक बसली तवा माहा दुसरा खांदा मातीले लागला. लागला न उचलला. पंचाईले दिसलं नाई, तुमालेय समजलं नाई. मले समजलं. गार माती लागली ना खांद्याले."

मी म्हणालो, "मी तुझ्या डोक्यापाशी होतो. नाही लागला."

"लागला मास्तर."

"नाई लागला रे," पहिलवान म्हणाले. "लागला असता त माह्या हाताले समजलं असतं. इतके वर्स झाले, मानूस चीत झाला का मले डोये मिटून समजते."

"तुमी दमले होते."

"दमलो होतो म्हनूनच त म्हंतो का तू जितला!"

दोघांचे आवाज चढले. पहिलवान बांधावरून खाली उतरले आणि मलाच धरून दंड कसा पकडला होता ते दाखवायला लागले. पोरगा म्हणे, असा नाही, थोडा वर. मग तो माझ्या जागी आला. भर दुपारी, कापसाच्या ओळींत, जिल्ह्यातले सगळ्यात मोठे दोन मल्ल एकमेकांना धरून हळूहळू ढाक मारत होते आणि प्रत्येक जण सांगत होता की आपण हरलो. पंच म्हणून मी एकटा, आणि माझ्याकडं कोणी बघतही नव्हतं. पोराची आई कमरेवर हात ठेवून पाहत होती. शेवटी म्हणाली, "आता दोघंय हारले म्हंता, त जितलं कोन?"

पहिलवान आधी हसले. मग पोरगा हसला. मग आम्ही सगळे बांधावर बसलो. तिनं भाकरी सोडल्या, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती आणि मिरचीचा ठेचा. जेवताना कुस्तीचं कोणी बोललं नाही. पावसानं यंदा बोंडं कशी काळी पडली, बैलाची जोड कुठून आणली, तांड्यावर विहीर लागली की नाही, असंच चाललं होतं. निघताना पहिलवानांनी कडं परत घडीत बांधलं. पोरगा म्हणाला, "पुढच्या साली खेळू का एक डाव?" पहिलवानांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "नाई. मी आता खेळत नाई. हे कोनाले सांगू नको, मीच सांगीन."

परत येताना एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. मी विचारलं, "पोराचं खरं वाटलं तुम्हाला?" ते म्हणाले, "खोटं नाई बोलत तो. पन खरं काय झालं ते त्याले तरी कुठं ठाऊक? पडतानी मानसाले लई काही लागते." आणि नंतर यवतमाळ येईपर्यंत झोपून गेले.

आठ दिवसांनी त्यांनी बाजारात उभं राहून जाहीर केलं की कडं आता आखाड्यात ठेवतो, ज्याला पाहिजे त्यानं पुढच्या साली खेळून न्यावं. लोक त्यांच्यावर रागावले. तांडा रागावला, की जिंकून कशाला सोडता. विरुद्ध बाजूवाले म्हणाले, पाहा, हरला होता म्हणूनच सोडलं. पुढच्या हिवाळ्यात बोरीच्या पोरानं उमरखेडच्या एका जाडजूड मल्लाला चीत करून कडं घेतलं आणि तीन-चार वर्षं ते त्याच्याकडं राहिलं. पण लोक त्याला पुरतं मानेनात. "पहिलवानाले कुठं पाडलं त्यानं?" म्हणायचे. तो चांगला खेळायचा, स्वच्छ खेळायचा, तरी त्या एका वाक्यापुढं त्याचं काही चालायचं नाही. पुढं गुडघा दुखावला तेव्हा त्यानं कुस्ती सोडली आणि शेतीकडं लक्ष घातलं.

आणि पहिलवानांचंही तेच झालं. मला या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं. एवढी वर्षं त्यांनी जी माणसं सरळ, सगळ्यांदेखत चीत केली, ती कोणाच्या तोंडी राहिली नाहीत. ज्या कुस्त्या निर्विवाद होत्या त्यांच्याबद्दल बोलायला काही उरलंच नव्हतं. पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला शाळेतली नवी पोरं मला विचारायची, "गुरुजी, ते पहिलवान म्हंजे तेच ना, जे हारले होते पन जितले?" मी त्यांना आधीच्या कुस्त्या सांगायला लागलो की ती ऐकायची, पण थोड्या वेळानं परत ढाकेवर यायची. त्या दिवशी मी दुसरं मत दिलं असतं तर तिन्ही पंच एकमतानं बोलले असते आणि कदाचित वाद इतका लांबला नसता. तरी ते मत मी बदललं असतं असं मला वाटत नाही. मला जे दिसलं ते दिसलं. पण एका माणसाचं आयुष्य लोकांना कसं आठवेल, त्यात आपल्याही तोंडच्या एका शब्दाचा वाटा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिलवानांना त्याचं काही वाटत होतं का? मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "लोक बोलून राह्यले ना? बोलू दे. ज्याले जसं आठवन तसं आठवन." आणि ज्वारीत शिरलेल्या गायीला हाकलायला गेले.

पोरानं उमरखेडवाल्याला चीत केलं ती दंगल मी पहिलवानांच्या शेजारी बसून पाहिली. त्या वर्षी मी पंच नव्हतो आणि ते मल्ल नव्हते. लोकांनी त्यांना पुढं खुर्ची दिली होती, पण ते माझ्याजवळ खाली मातीत येऊन बसले, फुटाणे घेऊन. सकाळच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून ते डोळे लावून पाहत होते. कोणी चांगला डाव टाकला की माझ्या मांडीवर थाप मारत, एवढ्या जोरात की मला दुखे. मी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दुपारनंतर मी म्हणालो, "आज तुम्ही फार खुशीत दिसता."

"मास्तर," ते म्हणाले, "मी दर साली घोंगडी पांघरून मंडपाच्या मागं बसलो राहो. अंग गरम ठेवाचं, कोनाशी बोलाचं नाई, आपली पाळी कवा येते ते पाहाचं. इथं काय चालते ते मले फकस्त आयकू ये." त्यांनी पुढ्यातल्या आखाड्याकडं बोट केलं, जिथं दोन कोवळे पोरगे मातीनं माखून एकमेकांभोवती फिरत होते. "मी दंगल पाह्यलीच नोती कधी."

मग त्यातल्या एकानं पट काढला आणि पहिलवान फुटाण्यांसकट उभे राहून ओरडायला लागले.